दिसलो तरी सापडायचं नाही: उद्याच्या रणांगणावर शत्रूचा नेम कसा चुकवतात

उद्याच्या युद्धांबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: आता लपायला जागाच उरलेली नाही. वर उपग्रह, त्याखाली ड्रोन, जमिनीवर रडार, आणि या सगळ्यांनी गोळा केलेली माहिती क्षणात चाळणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. यातलं अर्धं खरं आहे. नजरेतून सुटणं खरोखरच अवघड होत चाललंय. पण दिसणं वेगळं आणि मारलं जाणं वेगळं. या दोहोंच्या मध्ये बऱ्याच गोष्टी घडाव्या लागतात, आणि बचावाची सगळी विद्या तिथेच कामाला येते.

हे नीट समजावं म्हणून एक काल्पनिक रणांगण घेऊ. साल २०४५. एका नदीचं खोरं. अलीकडच्या काठावर टेकड्या, विरळ जंगल आणि पायथ्याशी एक छोटं गाव. जंगलात बचाव करणाऱ्यांची तुकडी आहे: चाकांवर चालणाऱ्या चार तोफा, एक रडार, एक नियंत्रण वाहन आणि दारूगोळा वाहणारे तीन ट्रक. पलीकडच्या काठावर हल्लेखोर. त्यांच्याकडे उपग्रह आहेत, रात्रंदिवस घिरट्या घालणारे ड्रोन आहेत, रेडिओ लहरी टिपणारी यंत्रं आहेत, आणि हे सगळं एकत्र करून ‘ही तोफ आहे, खात्री ९२ टक्के’ असं सांगणारी संगणक प्रणाली आहे. कुठला देश, कुठला झेंडा, हे मुद्दाम ठेवलेलं नाही. आपल्याला फक्त यंत्रणा समजून घ्यायची आहे.

नेम धरणं ही एकच कृती वाटते, पण लष्करी भाषेत तिला साखळी म्हणतात, ‘किल चेन’. आधी शोधायचं, मग नेमकी जागा ठरवायची, लक्ष्य हललं तर त्याच्या मागावर राहायचं, कुठलं शस्त्र वापरायचं ते ठरवायचं, मारा करायचा, आणि शेवटी मारा लागला का ते तपासायचं. सहा कड्या. हल्लेखोराला सहाही जुळवाव्या लागतात. बचाव करणाऱ्याने त्यातली एक तोडली तरी पुरे. आणि तोडण्यासाठी अदृश्य व्हायला लागत नाही. शत्रूकडची माहिती शिळी झाली, किंवा तिच्यावर त्याचा विश्वास उरला नाही, तरी काम होतं. उशीर आणि संशय ही बचावाची दोन खरी शस्त्रं. पुढे जे काही येईल, जाळ्या, धूर, जॅमर (शत्रूचे रेडिओ संकेत गोंगाटात बुडवणारी यंत्रं), फुगवलेले रणगाडे, ती सगळी या दोन गोष्टी निर्माण करण्याची साधनं आहेत.

आधी उशिराचं पाहू. आपल्या खोऱ्यात ड्रोनला एक तोफ दिसली. चित्र पाठवणं, संगणकाने ते ओळखणं, अधिकाऱ्याने दुजोरा देणं, मोकळं शस्त्र शोधणं आणि त्याला जागा कळवणं, यात समजा पाच मिनिटं गेली. वीसेक किलोमीटरवरून सुटलेला तोफगोळा पोहोचायला आणखी मिनिटभर. म्हणजे सहा मिनिटं. तोफ चार मिनिटांत जागा सोडत असेल, तर शत्रूचं प्रत्येक यंत्र अचूक चालूनही गोळा मोकळ्या जमिनीवर पडेल.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची फिरती स्कड क्षेपणास्त्रं शोधून नष्ट करण्यासाठी अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी प्रचंड हवाई ताकद लावली होती. आकाशावर त्यांचीच सत्ता होती. तरीही युद्धानंतर अमेरिकी हवाई दलासाठी झालेल्या अभ्यासात, विमानांनी एकही फिरता स्कड प्रक्षेपक नक्की नष्ट केल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही. प्रक्षेपक डागण्यापुरते बाहेर यायचे, क्षेपणास्त्र सोडलं की काही मिनिटांत दडायचे. शिवाय वाळवंटात नकली प्रक्षेपकही उभे होते. हल्लेखोराकडे नजर होती, शस्त्रं होती, वेळ तेवढी नव्हती.

आता संशय. पहिल्या महायुद्धातलं एक उदाहरण या विषयाच्या मुळाशी नेतं. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनची जहाजं धडाधड बुडवत होत्या. समुद्रात जहाज लपवणार कसं? आकाशाचा रंग दर तासाला बदलतो आणि धुरांड्याचा धूर मैलांवरून दिसतो. नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने वेगळाच विचार मांडला. जहाज दिसू दे, पण ते कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय हे कळता कामा नये. जहाजांवर काळे, पांढरे, निळे तिरके पट्टे रंगवले गेले. टॉर्पेडो संथ असतो. तो सोडताना जहाज आता कुठे आहे यापेक्षा थोड्या वेळाने कुठे असेल याचा अंदाज लागतो, आणि तो अंदाज पेरिस्कोपमधून काही क्षणांत बांधावा लागतो. त्या पट्ट्यांनी जहाजाचं पुढचं टोक कुठलं आणि पिछाडी कुठली हेच कळेनासं करायचं होतं. या रंगांमुळे किती जहाजं वाचली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण शत्रूच्या डोळ्यांशी झगडण्याऐवजी त्याच्या हिशेबाशी झगडायचं, ही कल्पना मला आजही या क्षेत्रातली सर्वांत मोठी कल्पना वाटते.

पानं खोटं बोलत नाहीत

आपल्या तुकडीने तोफांवर हिरवी जाळी टाकली, वर झाडांच्या फांद्या तोडून ठेवल्या. माणसाच्या डोळ्याला झुडूप दिसतं. पण जिवंत पान डोळ्याला न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं. साधा हिरवा रंग तसं करत नाही, आणि तोडलेली फांदी सुकू लागली की तिचाही हा गुण उतरत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच हे टिपणारी खास फिल्म निघाली होती. तिच्यावर जिवंत झाडोरा लाल उमटायचा आणि रंगवलेलं कापड वेगळ्या छटेत उठून दिसायचं. म्हणून आजच्या चांगल्या जाळ्यांचा रंग डोळ्यांसाठी वेगळा आणि अवरक्त कॅमेऱ्यासाठी वेगळा जुळवलेला असतो. फांद्या वापरायच्याच असतील तर दररोज बदलाव्या लागतात, आणि त्या तोफेच्या शेजारच्याच झाडांच्या तोडल्या तर बोडकी झाडं चहाडी करतात.

उष्णतेचं प्रकरण याहून कठीण. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. थर्मल कॅमेरा प्रामुख्याने ३ ते ५ आणि ८ ते १४ मायक्रोमीटर या पट्ट्यांत पाहतो, कारण तिथे हवा हे किरण फारसे अडवत नाही. नुकतंच बंद केलेलं इंजिन, गोळे डागलेली नळी, झोपलेला सैनिक, सगळं थंड जंगलाच्या पार्श्वभूमीवर उजळ दिसतं. उपाय म्हणजे उष्णता अडवणारी आवरणं, इंजिनाचा गरम धूर वळवून थंड हवेत मिसळून सोडणं, आणि वेळेचं भान. पहाटे आणि संध्याकाळी असे दोन काळ येतात, जेव्हा धातू आणि माती यांची तापमानं जवळपास सारखी होतात आणि थर्मल चित्र फिकट पडतं. हलायचं असेल तर तेव्हा. पण गाडी उन्हात तासन्‌तास उभी राहून निघून गेली, तरी तिच्या सावलीतली जमीन काही वेळ थंड राहते, आणि थर्मल कॅमेऱ्यात रिकाम्या जागेवर गाडीची आकृती दिसत राहते. शत्रूला त्यातून कळतं की इथे गाडी होती, आणि ती लांब गेलेली नाही.

ढग आणि अंधार यांचा आडोसाही आता पुरत नाही. सिंथेटिक अपर्चर प्रकारचं रडार स्वतःच्या लहरी पाठवून जमिनीचं चित्र काढतं, त्यामुळे रात्र किंवा ढग त्याला अडवत नाहीत. धातूचे कोपरे त्यात चमकतात. त्याहून त्रासदायक म्हणजे संगणक कालचं आणि आजचं चित्र एकावर एक ठेवून फक्त बदल शोधतो. चाकोरी उमटली, गवत दबलं, एक झुडूप नवीन उगवलं. जाळी कितीही उत्तम असली तरी काल ती तिथे नव्हती, हीच खूण ठरते. म्हणून शहाणी तुकडी तोफा येण्याआधीच रिकाम्या जागांवर जाळ्या उभारून ठेवते, चारऐवजी बारा ठिकाणी. मग तोफा कुठल्याही चार जागी जाऊ देत, चित्रात बदल दिसत नाही.

लेझरबद्दल थोडक्यातच सांगतो. लेझरने लक्ष्यावर ठिपका पाडून त्यावर बॉम्ब सोडतात. लेझर पडल्याची सूचना देणारं यंत्र आणि ठिपका झाकणारा दाट धूर, हे त्यावरचं जुनं उत्तर. धूर योग्य प्रकारचा हवा, कारण डोळ्यांना अपारदर्शक असणारा धूर थर्मल कॅमेऱ्याला कधीकधी पारदर्शक असतो.

रडारचं गणित

रडारची लहर लक्ष्यापर्यंत जाताना पसरते आणि परतताना पुन्हा पसरते. त्यामुळे प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळाव्या भागावर येतो. हेच गणित उलट बाजूने पाहा. विमान रडारला जेवढं ‘मोठं’ दिसतं ते सोळा पटींनी कमी केलं, तर रडारचा पल्ला फक्त निम्मा होतो. २०० किलोमीटरवरून पकडणारं रडार २० किलोमीटरवर आणायचं असेल, तर प्रतिध्वनी दहा हजार पटींनी कमी करावा लागतो. रडारला जेमतेम दिसणाऱ्या स्टेल्थ विमानांवर एवढा खर्च का होतो ते यावरून कळेल. त्यांचे विचित्र कोन लहर परत रडारकडे न पाठवता भलतीकडे भिरकावतात. त्यामागच्या सिद्धान्ताचा महत्त्वाचा भाग प्योत्र उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केला होता, आणि तो कामाला लावला अमेरिकी अभियंत्यांनी. यावरही तोड आहे: लहर पाठवणारं यंत्र एका जागी आणि ती टिपणारं यंत्र दुसऱ्या जागी ठेवलं, तर भलतीकडे गेलेली लहर तिथे सापडू शकते.

प्रतिध्वनी कमी करता येत नसेल तर नकली प्रतिध्वनींचा पूर आणायचा. २४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्गवर जाताना ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या कागदाच्या असंख्य पट्ट्या हवेत सोडल्या. लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, कारण जर्मन वुर्झबर्ग रडारची तरंगलांबी सुमारे ५३ सेंटिमीटर होती, आणि तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची पट्टी त्या लहरीला सर्वांत जोरकस उत्तर देते. रडारचे पडदे खोट्या ठिपक्यांनी भरून गेले. ही युक्ती दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक होती. आपण वापरली तर समोरचाही शिकेल, या भीतीने दोघांनीही ती दाबून ठेवली होती. इथे एक गोष्ट विसरून पुढे जाता येत नाही: त्या आठवड्यातल्या बॉम्बहल्ल्यांत हॅम्बुर्गचे तीस हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. नेम चुकवण्याचं तंत्र नेहमी दुबळ्याच्या किंवा निरपराधाच्याच हातात असतं असं नाही.

रडार वापरणाऱ्याची आणखी एक अडचण आहे. अंधाऱ्या माळावर बॅटरी लावून चालणाऱ्या माणसाला पन्नास पावलांपुढचं दिसत नाही, पण त्याची बॅटरी सगळ्या माळाला दिसते. रडारचंही तसंच. त्याला जाऊन परत आलेली लहर ऐकावी लागते, शत्रूला फक्त गेलेली लहर ऐकायची असते. त्यामुळे रडारला शत्रू दिसण्याच्या बऱ्याच आधी शत्रूला रडार ऐकू येतं. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात झोल्टान डानी यांच्या तुकडीने एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं, तेही १९६० च्या दशकातल्या एस-१२५ क्षेपणास्त्र यंत्रणेने. त्यांच्या शिस्तीचे दोन नियम होते: रडार अगदी थोडे सेकंद चालू ठेवायचं, आणि एका जागी टिकायचं नाही. रडारचा माग काढत येणाऱ्या क्षेपणास्त्रांना ती तुकडी सापडलीच नाही. आपल्या खोऱ्यातल्या रडारलाही हेच नियम लागू आहेत, २०४५ साल असलं म्हणून भौतिकशास्त्र बदलत नाही.

गप्प बसणं

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे लहरी न सोडणं. लहरी टिपणाऱ्या दोन ठिकाणच्या यंत्रांनी एकाच रेडिओ संदेशाची दिशा टिपली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे बोलणारा असतो. १ जानेवारी २०२३ रोजी युक्रेनच्या रशियाव्याप्त भागातल्या माकिइव्का इथे रशियन सैनिकांच्या निवासावर युक्रेनचा रॉकेट हल्ला झाला, त्यात रशियाच्याच आकड्यानुसार ८९ जण ठार झाले. रशियन संरक्षण मंत्रालयाने मुख्य कारण सांगितलं ते सैनिकांच्या मोबाइल वापराचं. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने जगभरातल्या धावपटूंच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांना ओसाड प्रदेशातल्या लष्करी तळांच्या सीमारेषा त्यात लखलखताना दिसल्या. कोणी हेरगिरी केली नव्हती. सैनिक सकाळी धावायला गेले होते, एवढंच.

मग संपर्क ठेवायचा कसा? तार टाकायची, माणूस पाठवायचा, अँटेना वाहनापासून बरीच दूर लावायची, बोलायचं ते क्षणार्धात एकवटून पाठवायचं. आणि काही वेळा न बोलताही काम होईल इतकी आधी तयारी करायची. चारही तोफांच्या प्रमुखांना रात्रीचा आराखडा पाठ असेल, तर रेडिओची गरजच कमी पडते. मला तर वाटतं, उद्याच्या रणांगणावर उत्तम रेडिओपेक्षा उत्तम पूर्वतयारी जास्त जीव वाचवेल.

जॅमिंगचं आकर्षण सगळ्यांना असतं आणि त्याचा उपयोगही मोठा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा संकेत इतका क्षीण होतो, की त्याची ताकद वॅटच्या अब्जाव्या भागाचाही जेमतेम कोटीवा भाग उरते. तो गोंगाटात बुडवायला मोठं यंत्र लागत नाही. त्याहून बेरकी प्रकार म्हणजे स्पूफिंग: संकेत बुडवायचा नाही, खोटा संकेत द्यायचा, म्हणजे शस्त्र निर्धास्तपणे चुकीच्या जागी जातं. मात्र जॅमर स्वतः जोरात ओरडत असतो. त्याच्याच आवाजाकडे झेपावणारी क्षेपणास्त्रं आहेत. म्हणून जॅमर तोफांपासून लांब ठेवतात आणि थोडा वेळ चालवून हलवतात. शिवाय प्रतिस्पर्धी शिकतो. युक्रेन युद्धात रेडिओ जॅमिंग दाट झाल्यावर २०२४ पासून मागे किलोमीटरच्या किलोमीटर काचतंतू (ऑप्टिकल फायबर) उलगडत जाणारे ड्रोन मोठ्या संख्येने दिसू लागले. त्यांना रेडिओच नाही, तर जॅम काय करणार? अशा ड्रोनसमोर पुन्हा जाळी, बंदूक आणि आडोसा हेच जुने उपाय उरतात.

तोफेला मात्र गप्प बसून भागत नाही. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग या तरुण नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने मायक्रोफोनांची रांग लावून, आवाज प्रत्येकापर्यंत पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून शत्रूच्या तोफेची जागा काढण्याची पद्धत विकसित केली. आजचं रडार उडत्या गोळ्याचा मार्ग पाहून तो कुठून सुटला ते मागे मोजत जातं, आणि गोळा खाली पडायच्या आधीच उत्तर मिळू शकतं. यावर उपाय एकच: डागा आणि निघा. जाण्याच्या दोन वाटा आधी पाहून ठेवलेल्या हव्यात, हे यातलं कळीचं काम, आणि ते कुठलंही यंत्र करून देत नाही.

खोटं उभं करण्याची मेहनत

१९४४ मध्ये अमेरिकेच्या २३ व्या हेडक्वार्टर्स स्पेशल ट्रूप्स या सुमारे १,१०० जणांच्या पथकाने युरोपात फुगवलेले रणगाडे, ध्वनिक्षेपकांवरचा इंजिनांचा आवाज आणि खोटे रेडिओ संदेश यांच्या जोरावर मोठमोठ्या तुकड्यांची सोंगं उभी केली. कलाकार, ध्वनितंत्रज्ञ, रेडिओचालक अशी माणसं त्यात होती. त्यांना कळलेली गोष्ट आजही खरी आहे: नुसता रबरी रणगाडा कोणाला फसवत नाही. त्याच्यामागे चिखलात पट्ट्यांच्या खुणा लागतात. मग बुलडोझर फिरवून त्या उमटवायच्या. खऱ्या तळावर माणसं ये-जा करतात, कचरा साठतो, पायवाटा पडतात. नकली तळावर हे सगळं कोणीतरी मेहनतीने घडवावं लागतं.

त्याआधी १९४२ मध्ये, इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईपूर्वी ब्रिटिशांनी वाळवंटात दोन्ही बाजूंनी खेळ केला. खऱ्या रणगाड्यांवर ट्रकसारखे दिसणारे सांगाडे चढवले, आणि ते रणगाडे जिथून निघाले तिथे नकली रणगाडे ठेवले, म्हणजे शत्रूला वाटावं काही हललेलंच नाही. दक्षिणेला एक खोटी पाइपलाइन टाकली जात होती, तीही मुद्दाम अशा संथ गतीने की ती नोव्हेंबरच्या सुरुवातीशिवाय पूर्ण होणार नाही असं दिसावं. हल्ला झाला २३ ऑक्टोबरला, उत्तरेकडून. ठिकाण तर लपवलंच, पण तारीखही लपवली. मला या मोहिमेत हीच गोष्ट विलक्षण वाटते.

आपल्या खोऱ्यात नकली तोफेला आता आणखी अवयव लागतील. तोफ डागल्यासारखी तापणारी नळी. रडारला धातूसारखी चमक देणारे कोन. नियंत्रण वाहनाच्या सोंगातून अधूनमधून सुटणारे, खऱ्यासारखे तुटक रेडिओ संदेश. कारण हल्लेखोराची प्रणाली एकाच सेन्सरवर विसंबत नाही. कॅमेरा ‘तोफ’ म्हणतो, पण उष्णता नाही आणि रेडिओ शांत, तर ती सोंग ओळखते. मात्र यातून बचाव करणाऱ्याला उलटा फायदाही मिळतो. खऱ्या तोफेलाच थोडं खोट्यासारखं दिसू दिलं, जाळी जरा ओबडधोबड, तर ताडून पाहणारी प्रणाली तिलाच सोंग समजू शकते. पैशाचं गणितही इथे आहे. २०२२ मध्ये रशियाची महागडी कालिब्र क्षेपणास्त्रं युक्रेनच्या लाकडी रॉकेट प्रक्षेपकांवर खर्ची पडल्याच्या बातम्या आल्या. लाकूड गेलं तर दुसरं ठोकता येतं.

यंत्राला फसवताना

कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र ‘समजत’ नाही, लाखो चित्रांतून शिकलेल्या खुणा जुळवते. २०१७ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या एका प्लास्टिकच्या कासवावर असे रंग दिले, की गुगलची चित्र ओळखणारी प्रणाली त्याला जवळपास कुठल्याही कोनातून रायफल म्हणू लागली. माणसाला ते कासवच दिसत होतं. अमेरिकेच्या डार्पा संस्थेच्या एका चाचणीत चालत येणारी माणसं ओळखायला शिकलेल्या प्रणालीला मरीन सैनिकांनी चकवलं, ते कोलांट्या मारत आणि पुठ्ठ्याच्या खोक्याखाली दडून आले. त्या प्रणालीने चालणारी माणसं पाहिली होती, खोकं चालताना पाहिलं नव्हतं. २०२३ च्या उपग्रहचित्रांत रशियन बॉम्बर विमानांच्या पंखांवर मोटारीचे टायर रचलेले दिसले. पुढच्या वर्षी एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलं, की चित्र जुळवून नेम धरणाऱ्या शस्त्रांना असं विमान ओळखणं कठीण जातं.

यावरून ‘एक नक्षी रंगवली की यंत्र आंधळं’ असा निष्कर्ष काढू नये. नक्षी ठरावीक प्रणालीपुरती, ठरावीक अंतरापुरती चालते. धूळ बसली, ऊन बदललं की परिणाम ओसरतो. आणि खोक्याखालचा सैनिक एकदा चकवतो, दुसऱ्या दिवशी ते चित्र शिकवणीत जातं. टिकाऊ उपाय वेगळा आहे: यंत्राची खात्री ९२ टक्क्यांवरून ६० वर आणायची. एवढ्याने दुजोरा देणारा माणूस थबकतो, दुसरा ड्रोन मागवतो, आणि चार मिनिटं मिळतात. हल्लेखोराने माणूसच काढून टाकला आणि ६० टक्क्यांवर मारा करायची परवानगी यंत्राला दिली, तर त्याची क्षेपणास्त्रं टायरवर, लाकडावर आणि खडकांवर संपतील. दुर्दैवाने ती घरांवरही पडतील. म्हणूनच मला माणसाचा दुजोरा काढून टाकण्याची घाई भयंकर वाटते.

साखळीची सहावी कडी, मारा लागला का ते तपासणं, बहुतेक लेखांत सुटून जाते. खऱ्या तोफेजवळ गोळा पडला आणि ती वाचली, तर तिच्याशेजारी टायर जाळून काळा धूर काढायचा, वर फाटकी जाळी टाकायची. शत्रू तिला यादीतून काढून टाकतो. नकली तोफ उडाली तर रात्रीत तिथे दुसरी उभी करायची, म्हणजे तिथे काहीतरी मोलाचं आहे असं त्याला वाटत राहतं.

या सगळ्या फसवाफसवीला कायद्याची चौकट आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधलं (पूरक करारातलं) ३७ वं कलम सांगतं, की छद्मावरण, नकली लक्ष्यं, खोट्या हालचाली आणि चुकीची माहिती या युद्धातल्या रास्त युक्त्या आहेत. पण आपण नागरिक आहोत, शरण आलो आहोत किंवा कायद्याने संरक्षित आहोत असा विश्वास शत्रूला देऊन, त्या विश्वासाचा घात करत त्याला ठार करणं, जखमी करणं किंवा पकडणं निषिद्ध आहे. दारूगोळ्याच्या ट्रकवर रेड क्रॉस रंगवणंही वर्ज्यच. यामागचं कारण रोखठोक आहे. एकदा रुग्णवाहिकेतून तोफगोळे गेले, की पुढच्या प्रत्येक रुग्णवाहिकेकडे शत्रू, आणि त्याचं यंत्रही, लक्ष्य म्हणून पाहू लागतं. ५८ वं कलम शक्य तितकं लष्करी लक्ष्यं दाट वस्तीत किंवा तिच्या जवळ न ठेवण्याचं बंधन बचाव करणाऱ्यावरही घालतं.

म्हणून आपल्या तुकडीच्या प्रमुखापुढचा त्या रात्रीचा सगळ्यात अवघड निर्णय नकली तोफा कशा बनवायच्या हा नाही, कुठे ठेवायच्या हा आहे. नकली तोफ यशस्वी झाली याचा अर्थच असा, की ती जिथे ठेवली तिथे स्फोट होणार. गावाच्या कडेचं सपाट शेत सगळ्यात पटण्याजोगं आहे, खरा तोफखाना तिथेच थांबला असता. उजव्या हाताला नदीचं कोरडं पात्र आहे. ते उघडं आहे, कमी पटण्यासारखं आहे, आणि तिथे चाकोऱ्या, उष्णता, रेडिओ यांची मेहनत दुप्पट करावी लागेल. पण त्याच्या दोन किलोमीटरच्या परिसरात एकही घर नाही. नकली तोफा पात्रात जातात, आणि बुलडोझर चालवणाऱ्यांना पहाटेपर्यंत दुप्पट काम पडतं.